आत्याच्या अंगठीतला खडा

(हरसूल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो, "अंगठीतल्या खड्यावर बोलतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी जपूनच विचारलं, "सर, म्हणजे राशीचे खडे का?" तर तसं नाही. कुणी कोणता खडा घालावा हे आम्ही सांगणार नाही, ती आमची विद्या नव्हे. आमचा प्रश्न साधा आहे. वाडवडिलांकडून एक दागिना आपल्याकडे आला. त्यात एक खडा आहे. तो कसला आहे, हे कसं ओळखायचं? आणि ओळखल्यावर काय करायचं? यातला पहिला प्रश्न शास्त्राचा आहे, दुसरा इतिहासाचा. आणि आमच्या घरात तरी दुसरा प्रश्नच जास्त अवघड निघाला.

आमचं मूळ घर त्र्यंबकचं. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची बदली इथे हरसूलला झाली, म्हणून आमची दुसरी ते चौथी याच गावात झाली. तेव्हाचं हरसूल म्हणजे पावसाळ्यात चार महिने जगापासून तुटलेलं. आमच्याबरोबर आमची आत्या राहायची. वडिलांची सख्खी बहीण, तिशीच्या आतच विधवा झालेली, पदरात एक मुलगी. आत्याच्या बोटात एक अंगठी असायची, तांबड्या खड्याची. आठवडे बाजाराच्या दिवशी ती अंगठी उलटी फिरवून खडा मुठीच्या आत घ्यायची. आम्ही विचारलं, "असं का गं?" तर म्हणाली, "माणिक आहे रे ते. पेशवाईतलं. लोकांची नजर असते."

ही अंगठी तिच्याकडे कशी आली, ते नीट सांगायला हवं. आजोबा १९५७ साली गेले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ साली, हिंदू उत्तराधिकार कायदा आला होता. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ उजाडलं, हे खरं. पण वडील वारल्यावर त्यांच्या वाट्यात मुलगी वारस झाली ती १९५६ पासूनच. म्हणजे आजोबांच्या भातखाचरात आत्याचा थोडा का होईना, हिस्सा होता. वडील आणि दोन काका एकत्र बसले. आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली, आणि तिच्या हातावर ही अंगठी ठेवली. "जमीन काय, पाऊस देईल तेवढं देणार. हे माणिक आहे. अडीअडचणीला उभं राहील." आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होतो. आम्हाला वाटलं होतं, आत्याला केवढं मोठं बक्षीस मिळालं!

आता अंगठी तिथेच ठेवू आणि थोडं इतिहासात जाऊ.

माणिक म्हणजे काय? आज रसायनशास्त्र सांगतं, ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचं स्फटिकरूप संयुग. त्यात लेशमात्र क्रोमियम मिसळलं की तांबडा रंग येतो आणि त्याला माणिक म्हणतात. लोह आणि टायटॅनियमचा अंश आला की निळा रंग येतो, त्याला नीलम म्हणतात. खनिज एकच, कोरंडम. हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याच देशातून. संस्कृतात कुरुविंद, दक्षिणेकडे कुरुंदम. आणि मराठीत? सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याची सहाण ज्याची असते, तो कुरुंद. राजाच्या मुकुटातलं माणिक आणि धारवाल्याचा कुरुंद, खनिजशास्त्राच्या दृष्टीनं सख्खे भाऊ.

आपल्याकडे रत्नपरीक्षेचं शास्त्र जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, खजिन्यात कोणती रत्नं कशी पारखून घ्यावीत, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. का? तर खोटं रत्न खरं म्हणून कोशात शिरलं की नुकसान राज्याचं. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, पद्मराग आणि पाचू यांवर प्रकरणं आहेत. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा आहे. चौदाव्या शतकात दिल्लीत ठक्कुर फेरू यानं प्राकृतात रत्नपरीक्षा लिहिली. तो सुलतानाच्या पदरी काम करणारा जैन अधिकारी होता. म्हणजे हा नुसता पोथीपंडित नव्हता, हाताळून लिहिणारा होता.

या परंपरेपुढचा कठीण प्रश्न एकच होता. दिसायला सारखे, पण जातीनं वेगळे दगड वेगळे कसे काढायचे? तांबड्या खड्यांत हा घोळ सगळ्यात मोठा. माणिक तांबडं, तामडा म्हणजे गार्नेट तांबडं, आणि तिसरा एक तांबडा दगड, ज्याला फारसीत लाल म्हणत आणि आज स्पिनेल म्हणतात. तो बदख्शानच्या डोंगरातून, आजच्या अफगाणिस्तान-ताजिकिस्तानच्या सीमेवरून यायचा. अकराव्या शतकात अल्-बिरूनी यानं रत्नांवर ग्रंथ लिहिला. खडा हवेत आणि पाण्यात तोलून एकाच आकारमानाला कोणता दगड जड भरतो, हे त्यानं काढलं होतं. माणिक पाण्याच्या चौपट जड, लाल साडेतीनपटीच्या जरा वर. डोळ्याला जे दिसत नाही ते तराजूला दिसतं. मोगल बादशहांनाही हा फरक माहीत होता. त्यांनी लालला लाल म्हणूनच मान दिला, त्यावर आपली नावं कोरली.

मग फरक विसरलं कोण? युरोप. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर बसवलेला मोठा तांबडा खडा 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून प्रसिद्ध आहे. तो माणिक नाही, स्पिनेल आहे. स्पिनेल हे माणकाहून वेगळं खनिज आहे, ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांनी नक्की केली ती १७८३ साली. दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या खजिन्यातून ३५२ कॅरटांचा एक तांबडा खडा कंपनीच्या हाती लागला, आणि १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडे गेला. त्यावर जहांगीर, शाहजहान यांची नावं कोरलेली आहेत. त्याला पुढे नाव पडलं 'तैमूरचं माणिक'. तो माणिक नाही, स्पिनेल आहे. आणि तैमूरशी त्याचा संबंध नाही, हेही संशोधकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे नावातले दोन्ही शब्द चुकीचे! मोठ्या घराण्यांचं हे असं, तर आमच्यासारख्यांच्या घरात प्रत्येक तांबडा खडा माणिक आणि प्रत्येक माणिक पेशवाईतलं, याचं नवल नको वाटायला.

पेशवाईचा विषय निघालाच आहे, आणि त्र्यंबक इथून एका घाटापलीकडे आहे, तेव्हा नासक हिऱ्याबद्दल बोलायलाच हवं. नासक म्हणजे नाशिक, साहेबाच्या तोंडचं. हा हिरा मुळात गोवळकोंड्याच्या, म्हणजे कृष्णाकाठच्या खाणींतला मानला जातो. आपल्या सह्याद्रीतला तो असूच शकत नाही. हरसूलच्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी सापडते, अकीक सापडतो, जांभळा अमेथिस्ट सापडतो. नाशिक भागातली झिओलाइटची पांढरी, गुलाबी झुंबरं तर जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण या पाषाणात ना हिरा होतो, ना माणिक. आपल्याकडचा हिरा किंवा माणिक म्हणजे कुठून तरी आलेला पाहुणा, हे पहिलं सूत्र लक्षात ठेवा.

तर हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता असं सांगतात. दुसऱ्या बाजीरावानं ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन होऊन राज्य सोडलं. त्याच धामधुमीत पेशव्यांच्या जवाहिराबरोबर हा हिरा ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे आणि तिथून दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून लंडनला गेला. तेव्हा त्याचं वजन ९० कॅरटांच्या आसपास होतं. रंडेल अँड ब्रिज या पेढीनं तो घेतला, नवे पैलू पाडले, आणि तो ८० कॅरटांच्या आसपास आला. १८३७ मध्ये लंडनच्या लिलावात ७,२०० पौंडांना विकला गेला. तो एका उमरावानं तलवारीच्या मुठीत बसवला. पुढे पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडे, मग अमेरिकेत.

अमेरिकेत एक मजेदार खटला झाला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर जकात माफ, असा तिथला नियम होता. आणणाऱ्याचं म्हणणं, हा हिरा कलावस्तू आहे. १९३० मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. हिरा जुना आहे, सुंदर आहे, पण कलावस्तू नव्हे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा निकाल वाचून गंमत वाटते. त्या हिऱ्याचं वजन मोजणारे होते, किंमत करणारे होते, जकात लावणारे होते. ज्या गाभाऱ्यातून तो गेला असं म्हणतात, त्या गाभाऱ्याचं म्हणणं विचारायला तिथे कुणी नव्हतं. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यानं तो घेतला आणि परत पैलू पाडले. वजन राहिलं ४३.३८ कॅरट. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले.

बघा, म्हणजे नव्वदातले निम्म्याहून जास्त कॅरट पैलू पाडताना भुकटी होऊन गेले. झळाळी वाढली, ओळख घासली गेली. आज त्र्यंबकचा माणूस त्या हिऱ्यासमोर उभा केला, तर त्याला तो ओळखू येणार नाही. हिरा आहे हे जगाला पक्कं ठाऊक, पण घराची आठवण गेली. आमच्या अंगठीचं नेमकं उलट होतं. आठवणी भरपूर, प्रत्येकाची वेगळी. पण खडा कसला, हे कुणालाच ठाऊक नाही.

आता अंगठीकडे परत येऊ.

आत्या १९८९ मध्ये गेली. अंगठी आतेबहिणीकडे आली. दहा-बारा वर्षांपूर्वी तिच्या नातवाच्या शिक्षणासाठी पैशांची गरज पडली, आणि ती आमच्याकडे आली. म्हणाली, "दादा, आईचं माणिक विकायचं का? पण आधी दाखवून आण कुणाला तरी. मला बाजारातलं काही कळत नाही." आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदारानं अंगठी हातात घेतली, दिव्याखाली धरली, आणि म्हणाला, "खोटा आहे. सोन्याचे पैसे देतो." एवढंच. दुसऱ्या दुकानात म्हणाले, "खरा आहे, पण हलका आहे, अमुक देतो." घेणाराच पारख करतो, तेव्हा त्या पारखीत त्याचा स्वार्थ मिसळलेला असतो. हे आम्ही कुणाला दोष म्हणून सांगत नाही, तत्त्व म्हणून सांगतो. साक्षीदार आणि गिऱ्हाईक एकच माणूस नसावा.

म्हणून अंगठी प्रयोगशाळेत दिली. रत्नं तपासून देणाऱ्या, स्वतः खरेदी-विक्री न करणाऱ्या प्रयोगशाळा आता आपल्या देशात आहेत. जयपूरची तर १९७२ पासून चालू आहे. आम्ही मुंबईच्या एका प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तरुण बाईंनी आम्हाला शेजारी बसवून सगळं दाखवलं. ते जसं समजलं तसं सांगतो.

त्यांनी आधी खडा पाहिलाच नाही, कोंदण पाहिलं. जुन्या पद्धतीत खडा मागून बंद असतो. खाली चमकता पत्रा घालतात, त्याला डांक म्हणतात. डांकेमुळे फिका खडाही गर्द दिसतो. पारदर्शक गारगोटीखाली तांबडी डांक घातली की झालं माणिक! आपल्या वेदान्तात स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल भासतो, असा दृष्टान्त आहे, तो आम्ही चाळीस वर्षं वर्गात शिकवला. डांक म्हणजे तीच जास्वंद, फक्त खड्याच्या पोटाखाली दडवलेली. आमच्या अंगठीचं कोंदण मागून उघडं होतं, खडा नख्यांनी धरलेला. म्हणजे रंग खड्याचा स्वतःचाच. पण त्याच वेळी बाई म्हणाल्या, "सर, ही घडण पेशवाईतली वाटत नाही."

मग त्यांनी खड्यातून प्रकाश किती वाकतो ते मोजलं. माणकाचा अंक १.७६ ते १.७७, स्पिनेलचा १.७२ च्या जवळ. माणकात प्रकाशाचा किरण दुभंगतो, म्हणून एका भिंगातून पाहिलं की एकाच खड्याचे दोन रंग दिसतात, एक जांभळट तांबडा, एक नारिंगी तांबडा. स्पिनेल, तामडा आणि काच यांच्यात असं होत नाही. आमच्या खड्याचे अंक माणकाचे आले. दोन रंगही दिसले. अतिनील दिव्याखाली तो निखाऱ्यासारखा पेटला. आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू! आम्ही मनात म्हटलं, दुकानदार चुकला, आत्या जिंकली.

मग बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली खडा ठेवला आणि म्हणाल्या, "आता बघा." आत बारीक रेघा होत्या. पण सरळ नव्हत्या, वळलेल्या होत्या, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. निसर्गात वाढणाऱ्या माणकात वाढीच्या रेघा सरळ असतात, कोनात मिळतात. वळलेल्या रेघा फक्त माणसानं केलेल्या माणकात येतात.

ऑग्यूस्त व्हर्नॉय नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. त्यानं १९०२ मध्ये पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाची पूड प्रखर ज्योतीतून खाली सोडायची. ती वितळून खालच्या कांडीवर थेंबाथेंबानं थिजते, आणि काही तासांत माणकाचा गाजरासारखा खडा तयार होतो. थरावर थर वाकडे बसतात, म्हणून त्या वळलेल्या रेघा. हे खोटं माणिक नव्हे, बरं का. रसायन तेच, कठीणपणा तोच, रंग तोच. काचेचा खडा वेगळा, हा वेगळा. फक्त याला ब्रह्मदेशच्या डोंगरानं जन्म दिला नाही, पॅरिसच्या भट्टीनं दिला. पहिल्या महायुद्धाच्या आधीच ही माणकं ढिगानं होऊ लागली. त्यांचा मोठा वापर कुठे झाला, ठाऊक आहे? घड्याळात. आमच्या वडिलांना निवृत्तीच्या वेळी एचएमटीचं घड्याळ मिळालं होतं, त्याच्या तबकडीवर लिहिलेलं असायचं, 'सतरा ज्युएल्स'. ते ज्युएल म्हणजे असलंच भट्टीतलं माणिक, चाकांच्या आसाखाली बसवलेलं. आत्याच्या बोटात एक होतं, वडिलांच्या मनगटावर सतरा. किंमत दोन्हीकडे सारखीच, जवळपास शून्य.

तर इतिहासाच्या विद्यार्थ्यानं यातून काय काढायचं? एक पक्की तारीख. हा खडा १९०२ च्या आधीचा नाही. पेशवाई संपली १८१८ मध्ये. मधली चौऱ्याऐंशी वर्षं कुठल्याही आठवणीनं भरून निघत नाहीत. त्या वळलेल्या रेघा म्हणजे एखाद्या कागदावरची तारीख समजा, कुणाला खाडाखोड न करता येणारी.

पण एक शंका राहतेच, आणि तुमच्याही मनात आली असेल. खडा मध्येच कुणी बदलला असेल तर? मूळ माणिक पेशवाईतलंच असेल, आणि कुणी तरी ते काढून हे बसवलं असेल? आमच्या धाकट्या काकांच्या मुलानं हेच म्हटलं, आणि आडून आत्याच्या सासरकडे बोट दाखवलं. प्रयोगशाळेतल्या बाईंचं म्हणणं होतं की नख्या उघडून परत दाबल्याच्या खुणा नाहीत, खडा या कोंदणासाठीच आहे. तरी घरात कुजबुज राहिलीच.

ती संपली ती एका कागदानं. त्र्यंबकचं घर रिकामं करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. त्यात दस्त, पावत्या, पंचांगं. बरेच कागद मोडीत. आमच्या पिढीला मोडी येत नाही. एका मोडी जाणणाऱ्या मित्राकडे आम्ही पंधरा-वीस कागद नेले. त्यानं वाचता वाचता एक बाजूला ठेवला. नाशिकच्या सराफाची पावती होती, शके १८४८ ची, म्हणजे १९२६-२७ सालची. आंगठी एक. सोनं सहा मासे, त्याचे दहा रुपये. मजुरी वेगळी. आणि पुढे, 'खडा तांबडा विलायती, दीड रुपया'.

विलायती! म्हणजे सराफानं काही लपवलं नव्हतं. आजोबांना ठाऊक होतं. त्यांनी आजीसाठी हौसेनं केलेली अंगठी होती ती, दीड रुपयाच्या खड्याची. पेशवाई तिला चिकटली ती पुढे, कधी, कुणाच्या तोंडून, ते आता सांगता यायचं नाही.

इथपर्यंत ठीक आहे. घरातल्या वस्तूंना गोष्टी चिकटतातच. पण मंडळी, आमच्या वडिलांना मोडी उत्तम येत होती. आजोबा गेल्यावर ट्रंकेची किल्ली वडिलांकडे होती. १९५८ मध्ये जमिनीचे कागद काढताना ती ट्रंक उघडली गेली होती, कारण हक्कसोडपत्राला लागणारा उतारा तिच्यातच होता. ती पावती वडिलांनी वाचली होती का? वाचूनही अंगठी बहिणीच्या हातावर ठेवली का? की पावती तळाशी राहिली आणि ते स्वतःही त्या गोष्टीवर विश्वास ठेवून होते? आम्हाला हे ठाऊक नाही. ते आता कळण्याचा मार्गही नाही. वडील आम्हाला फार प्रिय होते. शाळेतल्या पोरांच्या फिया स्वतःच्या पगारातून भरणारा माणूस. म्हणूनच ही गोष्ट सहज बाजूला सारता येत नाही. प्रयोगशाळेचं यंत्र खड्याच्या आत पाहू शकतं, माणसाच्या नाही.

बौद्ध तर्कशास्त्रात धर्मकीर्तीचा एक दृष्टान्त आहे. रात्री दोन माणसांना लांबून उजेड दिसतो. दोघांनाही वाटतं, तो मणीच आहे. दोघंही धावतात. एकाला दिसत होती ती मण्याची प्रभा, दुसऱ्याला दिव्याची. प्रभेला मणी समजणं ही दोघांचीही चूकच. पण पहिल्याला मणी मिळतो, दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणजे काही चुका माणसाला मुक्कामी पोहोचवतात, काही नाही. आम्ही हे शिकवायचो तेव्हा मुलं विचारायची, "सर, पण जो धावलाच नाही त्याचं काय?" तेव्हा आम्ही हसून पुढे जायचो.

आत्या धावलीच नाही. १९७२ च्या दुष्काळात तिनं पितळेची भांडी विकली, शिवणयंत्र विकलं, मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं आणि सात वर्षं फेडलं. अंगठी काढली नाही. का? तर 'यापेक्षा मोठी अडचण आली तर असू दे' म्हणून. प्रयोगशाळेचा अहवाल आणि ती पावती घेऊन आम्ही आतेबहिणीकडे गेलो. कसं सांगावं, शब्द सापडेना. तिनं दोन्ही कागद वाचले, घडी घातली, आणि म्हणाली, "बरं झालं, आईनं कधी विकायला काढली नाही. काढली असती, तर तिला कळलं असतं."

आम्ही घरी आलो. दोन दिवसांनी भावंडांना एकत्र बोलावलं. ते भातखाचर आम्ही सगळ्यांनी मिळून आधीच विकलं होतं. सिंहस्थाच्या गावातली जमीन, भाव चांगला आला होता. आजोबांच्या वाट्यातला आत्याचा कायदेशीर हिस्सा किती होता, ते वकिलाकडून काढून घेतलं. कायद्यानं आता काहीच देणं लागत नव्हतं, हक्कसोडपत्र पक्कं होतं. तरी आमच्यापैकी बहुतेकांनी आपापल्या पैशातून तो हिस्सा तिला दिला. सगळ्यांनी नाही दिला. तेही सांगायला हवं, नाही तर आम्हीही एक पेशवाईची गोष्ट रचल्यासारखं होईल.

आता थोडं तुमच्यासाठी. इथल्या घरांमध्ये माणकं-हिरे फार नसतील. हरसूलच्या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्यांचा दागिना म्हणजे चांदीचा, मण्यांचा. पण प्रश्न तोच लागू आहे. चांदी किती खरी, मणी कसला, हे आजवर बहुतेक वेळा गहाण ठेवून घेणाऱ्यानंच ठरवलं. डिसेंबर १८५७ मध्ये हरसूलचा बाजार लुटला गेला, त्याची नोंद इतिहासात बंड म्हणून आहे. ज्यांच्या तराजूवर आपला विश्वास नाही, त्यांच्याच तराजूवर पिढ्यान्‌पिढ्या उभं राहावं लागलं, हीदेखील त्याची एक बाजू असावी, असं आम्हाला वाटतं.

तेव्हा घरात एखादा अनोळखी खडा असेल, तर काय करावं? तो घासून पाहू नका. काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, ही समजूत सोडा. गारगोटीसुद्धा काचेवर ओरखडा काढते. मागून बंद कोंदण असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवू नका, डांक काळी पडते. खडा कोंदणातून काढू नका, कारण कोंदण हाही पुरावा आहे. फोटो काढा. घरातली म्हातारी माणसं त्याबद्दल जे सांगतात ते तारीख घालून लिहून ठेवा, एकाचं एक आणि दुसऱ्याचं वेगळं असलं तरी दोन्ही लिहा. जुन्या पावत्या मोडीत असल्या तरी रद्दीत घालू नका. मग स्वतः खरेदी न करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या, आणि अहवालात तीन शब्दांपैकी कोणता आहे ते पाहा. नैसर्गिक, मानवनिर्मित की नक्कल. दुकानातल्या 'खरा-खोटा' या दोन शब्दांत हे तिन्ही मावत नाहीत. आमची अंगठी मधल्या शब्दात बसली.

आणि शेवटचं. हे सगळं वाटणीच्या आधी करा, नंतर नाही.

अंगठी आतेबहिणीच्याच बोटात आहे. आज ती इथे आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. येताना गाडीत आम्ही पाहिलं, खडा बाहेरच्या बाजूला होता.